स्लीप ॲप्निया: सीपॅपचा मास्क लावला की गुदमरल्यासारखं का होतं? त्यावर उपाय काय?

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचं निधन झालं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगताना 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' या आजाराचा उल्लेख केला आणि अनेक घरांमध्ये हे नाव पहिल्यांदाच ऐकलं गेलं. तोपर्यंत घोरणं हा बहुतेकांसाठी चेष्टेचा विषय होता.

हा आजार दुर्मीळ मात्र नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातल्या पुरुषांची तपासणी केली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडखळत असल्याचं दिसलं. दिवसा अनावर झोप येण्यासारखी लक्षणंही असलेले ७.५ टक्के होते. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा भारतात काम करण्याच्या वयातल्या सुमारे १० कोटी लोकांना हा आजार असावा, असा अंदाज पुढे आला.

यावर सर्वाधिक वापरला जाणारा उपचार आहे सीपॅप यंत्र. ते काम करतं, याबद्दल डॉक्टरांमध्ये फारसं दुमत नाही. अडचण येते ती यंत्र घरी आल्यावर. पहिल्या रात्री मास्क लावला की अनेकांना गुदमरल्यासारखं होतं. काही जण तासाभरात तो काढून टाकतात, काही जण झोपेतच ओढून फेकतात. महिनाभरात हजारो रुपयांचं यंत्र कपाटावर जाऊन बसतं आणि 'आम्हाला काही ते झेपलं नाही' यावर विषय संपतो. आजार मात्र तसाच राहतो.

'मास्कमध्ये श्वास घेता येत नाही' ही ऐकायला एकच तक्रार वाटते. प्रत्यक्षात त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात. त्यांचे उपायही वेगळे, काही तर एकमेकांच्या अगदी उलट. त्यामुळे नेमकं काय होतंय हे ओळखणं महत्त्वाचं ठरतं.

झोपेत नेमकं काय होतं?

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात आणि श्वासाचा मार्ग उघडा ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. काही जणांचा घसा मुळातच अरुंद असतो, मानेभोवती चरबी असते किंवा खालचा जबडा मागे असतो. अशा वेळी जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून वाट अडवतात. वाट अर्धवट अडली की घोरण्याचा आवाज येतो, पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागतो, मेंदू धोक्याची सूचना देतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात आणि मोठ्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला मात्र सगळं ठाऊक असतं.

तासाभरात श्वास किती वेळा थांबतो किंवा खूप उथळ होतो, त्यावरून आजाराची तीव्रता ठरते. ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० पेक्षा जास्त म्हणजे तीव्र. तीव्र आजार असलेल्या माणसाची झोप दर दोन मिनिटांना किंवा त्याहूनही लवकर मोडत असते. सकाळी जड डोकं, दिवसभर पेंग, चिडचिड, औषधं घेऊनही न उतरणारा रक्तदाब हे त्याचे परिणाम. हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांच्याशीही या आजाराचा संबंध आढळला आहे. गाडी चालवताना लागणारी डुलकी हा तर सरळ जिवाशी खेळ.

सीपॅप यंत्र काय करतं?

सीपॅप म्हणजे श्वासमार्गात सतत ठरावीक दाब ठेवणारं यंत्र. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत हा उपचार शोधला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणं.

यंत्राबद्दल दोन गैरसमज हमखास आढळतात. पहिला, ते ऑक्सिजन देतं. कोविडच्या काळात मास्क आणि ऑक्सिजन यांची जोडी सर्वांच्या डोळ्यांसमोर बसली आहे, त्यामुळे घरचे लोक सीपॅप पाहून घाबरतात. पण हे यंत्र खोलीतलीच हवा गाळून पुढे पाठवतं. दुसरा गैरसमज म्हणजे ते आपल्या वतीनं श्वास घेतं. तसंही नसतं. यंत्राला स्वतःचा ताल नसतो, त्याच्याशी जुळवून श्वास घ्यायचा नसतो. फुग्यात हवा भरून ठेवली की तो मिटत नाही, तसा हवेचा दाब घशाला मिटू देत नाही. श्वास घेणं आणि सोडणं माणसाचं माणसानंच करायचं.

हा दाब बहुधा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान असतो. १० सेंटिमीटर दाब म्हणजे किती? पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढा. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत तो जेमतेम एक टक्का आहे. फुप्फुसांना त्याचा भार वाटू नये इतका थोडा, पण नाकाला सहज जाणवेल इतका.

मग गुदमरल्यासारखं का होतं?

एरवी श्वास आत घेण्यासाठी स्नायूंना काम करावं लागतं आणि तो बाहेर सोडणं आपोआप घडतं. सीपॅपवर अनुभव उलटा होतो. हवा न मागता आत येते आणि बाहेर सोडताना समोरून विरोध जाणवतो. जन्मापासूनची सवय अशी उलटीपालटी झाली की मेंदू बिथरतो. माणूस भराभर श्वास घेऊ लागतो, त्यानं धाप वाढते आणि भीतीही. बहुतेकांमध्ये काही दिवसांत शरीर हा बदल स्वीकारतं. ज्यांच्यात तसं होत नाही, त्यांनी आपली तक्रार पुढीलपैकी कोणती आहे, हे पाहावं.

१. 'हवाच पुरत नाही'

बऱ्याच यंत्रांत रॅम्प नावाची सोय असते. झोप लागेपर्यंत त्रास होऊ नये म्हणून यंत्र ४ सेंटिमीटरपासून सुरुवात करतं आणि हळूहळू दाब वाढवतं. पण काही जणांना, विशेषतः शरीरानं मोठ्या असलेल्यांना, ४ चा दाब अपुरा वाटतो. बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं आणि मास्क काढावासा वाटतो. इथे उपाय दाब कमी करण्याचा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरुवातीचा दाब थोडा वाढवला किंवा रॅम्पची वेळ कमी केली की अनेकांना पहिल्याच रात्री मोकळं वाटतं.

मास्कवरची बारीक छिद्रंही तपासावीत. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर येतच राहते. ही गळती आहे असं समजून काही जण त्यांवर चिकटपट्टी लावतात किंवा थंडीत डोक्यावरून गोधडी ओढून घेतात. मग सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते आणि खरोखरच गुदमरतं. ही छिद्रं कधीही झाकू नयेत.

२. 'श्वास सोडताच येत नाही'

ही तक्रार पहिलीच्या उलट आहे. इथे दाब जास्त जाणवत असतो. आजच्या बहुतेक यंत्रांत श्वास सोडताना दाब तेवढ्यापुरता कमी करण्याची सोय असते. प्रत्येक कंपनीनं तिला वेगळं नाव दिलं आहे, पण सेटिंगमध्ये ती सापडते. अनेक घरांत ती बंदच राहिलेली असते, कारण यंत्र बसवणाऱ्यानं ती दाखवलेली नसते.

दाब आपोआप ठरवणाऱ्या यंत्रांत आणखी एक गोष्ट घडते. ती बऱ्याचदा कारखान्यातून येतात तशीच, ४ ते २० या पूर्ण पल्ल्यावर ठेवलेली असतात. मास्कमधून हवा गळत असेल तर अशा यंत्राचा अंदाज चुकू शकतो आणि मध्यरात्री जोराच्या झोतानं जाग येते. रुग्णाला खरोखर किती दाब लागतो हे पाहून डॉक्टर हा पल्ला आखडता घेऊ शकतात. तरीही सहन होत नसेल किंवा खूप जास्त दाब लागत असेल, तर श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणाऱ्या बायपॅप यंत्राचा विचार केला जातो.

३. 'मास्क जवळ आणला तरी जीव घाबरतो'

लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या बोगद्यात ज्यांचा जीव घाबरतो, त्यांना मास्कही तसाच वाटू शकतो. यात कमीपणा काही नाही. मात्र इथे दाब बदलून उपयोग नसतो, सवयच हळूहळू लावावी लागते. झोपमोडीच्या आजारांवर काम करणारे तज्ज्ञ त्यासाठी पायऱ्या सुचवतात. पहिले दोन-तीन दिवस दिवसा, जागेपणी, यंत्र न जोडता मास्क नुसता हातानं नाकावर धरायचा. मग यंत्र सुरू करून तसाच धरायचा. ते जमलं की पट्टे लावून पंधरा-वीस मिनिटं टीव्ही पाहत किंवा वर्तमानपत्र वाचत बसायचं. त्यानंतर दुपारची वामकुक्षी मास्क लावून घ्यायची आणि शेवटी रात्र. एखाद्या पायरीवर भीती वाटली तर मागच्या पायरीवर यायचं, सोडून द्यायचं नाही.

मास्क एका हातानं झटक्यात कसा काढायचा याचा सरावही करून ठेवावा. हवं तेव्हा सुटता येतं, ही खात्री झाली की निम्मी भीती जाते. घाबरटपणावर स्वतःच्या मनानं झोपेची गोळी घेणं मात्र धोक्याचं आहे. काही गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

४. 'नाक चोंदतं'

नाक बंद असेल तर उत्तम मास्कही निरुपयोगी. नाकाचं हाड वाकडं असणं, ॲलर्जी, वाढलेलं मांस यांवर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आधी उपचार करून घेतले की सीपॅप बराच सुसह्य होतो. मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचा उपयोग होतो, पण त्यासाठी नळाचं पाणी थेट वापरू नये. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावं.

काही जणांचं नाक यंत्र लावल्यावरच चोंदतं किंवा वाहू लागतं. रात्रभर कोरडी हवा आत गेल्यामुळे नाकाच्या आतल्या त्वचेला सूज येते. यंत्राला जोडलेला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी टाकी, यासाठीच असतो. त्यातही डिस्टिल्ड पाणी घालावं, रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी धुऊन वाळवावी. एसीच्या थंड खोलीत नळीत पाणी साचून नाकावर थेंब येऊ लागले, तर ओलाव्याचं प्रमाण कमी करावं किंवा नळी पांघरुणाखालून घ्यावी. हवेचा फिल्टर काळवंडला की बदलावा. रस्त्याकडेच्या घरांत ही वेळ लवकर येते.

५. 'सकाळी तोंडाला कोरड पडते'

हे तोंडातून हवा गळत असल्याचं लक्षण आहे. मास्क फक्त नाकाचा असेल आणि झोपेत तोंड उघडलं, तर नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जाते. घशात दाब राहत नाही, घसा पुन्हा मिटतो आणि यंत्र असूनही झोप मोडते. आधी नाक मोकळं आहे ना ते पाहावं, कारण नाक बंद असलं की तोंड उघडणारच. हवेतला ओलावा वाढवून पाहावा. हनुवटीखालून बांधायचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. समाजमाध्यमांवर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे सल्ले फिरतात. नाक चोंदलेलं असताना किंवा उलटी होण्याची शक्यता असताना ते धोकादायक ठरू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये.

६. 'मास्कमधून हवा डोळ्यांत जाते'

यावर बहुतेक जण करतात तो उपाय म्हणजे पट्टे आणखी घट्ट आवळणं. त्यानं अनेकदा गळती वाढते. मास्कची सिलिकॉनची कड हवेनं किंचित फुगून चेहऱ्यावर टेकते. आवळल्यावर ती दुमडते, फटी पडतात आणि नाकाच्या हाडावर व्रण येतात. मास्क बसवायचा तो झोपण्याच्या स्थितीत, यंत्र सुरू ठेवून. आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते, कूस बदलली की आणखी बदलते. पट्टे सैल करून, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून पुन्हा टेकवावा आणि गळती थांबेल इतकेच ओढावेत.

बाकीची कारणं साधी असतात. चेहऱ्यावरचं तेल किंवा क्रीम, न धुतलेली कड, दाढी-मिशा. वयस्कर व्यक्ती रात्री कवळी काढून ठेवतात तेव्हा गाल आत जातात आणि दिवसा नीट बसलेला मास्क रात्री गळू लागतो. सिलिकॉनची कड काही महिन्यांत मऊ पडते, ती वेळच्या वेळी बदलावी लागते.

याशिवाय काही जणांची सकाळ ढेकर आणि फुगलेल्या पोटानं होते. हवा अन्ननलिकेत जात असल्याचं हे लक्षण आहे. दाब कमी करणं, उशाकडची बाजू थोडी उंच करणं किंवा कुशीवर झोपणं यांनी ते कमी होऊ शकतं.

मास्क कोणता घ्यावा?

मास्कचे मुख्य प्रकार तीन. नाकपुड्यांना टेकणारा छोटा, नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंडानं श्वास घेण्याची सवय आहे म्हणून अनेकांना थेट तिसरा दिला जातो. मात्र अभ्यासांत असं दिसलं आहे की मोठ्या मास्कमध्ये गळती जास्त होते, दाबही जास्त लागतो आणि लोक तो कमी वापरतात. त्याचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलू शकतात, म्हणजे ज्या वाटेसाठी सगळा खटाटोप, तीच अरुंद होते. म्हणून नाक मोकळं असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कनं करणं बहुतेक तज्ज्ञांना योग्य वाटतं. काही रुग्णांना मोठ्या मास्कशिवाय गत्यंतर नसतं, हेही खरं.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. पेसमेकर किंवा शरीरात चुंबकाचा परिणाम होऊ शकेल असं दुसरं उपकरण असलेल्यांनी असा मास्क वापरण्याआधी डॉक्टरांना विचारणं आवश्यक आहे. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर असेल तरीही.

यंत्र विकत घेण्यापूर्वी ते भाड्यानं मिळतं का आणि मास्कचं माप जमलं नाही तर बदलून मिळेल का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावेत. त्रास यंत्रापेक्षा मास्कमुळेच जास्त होतो, हे पैसे भरल्यावर लक्षात येतं. आपल्या आरोग्य विम्यात घरी वापरायचं यंत्र बसतं की नाही, तेही आधीच पाहावं.

मास्क नीट बसूनही श्वास थांबत असेल तर?

गळती नाही, दाब योग्य आहे, तरीही यंत्र रोज श्वास थांबल्याच्या नोंदी दाखवत असेल तर वेगळी शक्यता तपासावी लागते. काही रुग्णांत सीपॅप सुरू केल्यावर घसा उघडा राहतो, पण मेंदूकडून श्वास घेण्याचा आदेशच काही सेकंद येत नाही. याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात. अनेकांमध्ये तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप कमी होतो. हृदय कमजोर असलेल्यांत किंवा अफूजन्य वेदनाशामक औषधं घेणाऱ्यांत त्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं.

अशा वेळी स्वतःच दाब वाढवत जाणं उलट पडू शकतं. यावर वापरलं जाणारं एएसव्ही नावाचं यंत्रही सर्वांसाठी सुरक्षित नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सर्व्ह-एचएफ' या मोठ्या चाचणीत, हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता कमी झालेल्या रुग्णांमध्ये या यंत्रामुळे हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढल्याचं आढळलं होतं. म्हणून ओळखीच्या कुणाचं यंत्र किंवा त्यावरची सेटिंग तशीच्या तशी वापरणं टाळावं.

मध्येच वीज गेली तर?

महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात हा प्रश्न हमखास विचारला जातो. झोपेत यंत्र बंद पडलं तर जीव जाईल का? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते. हवेचा झोत थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. झोत थांबला की बहुतेकांना जाग येते. मात्र त्यानंतर मास्क काढून ठेवावा, बंद यंत्राला जोडलेला मास्क लावून पुन्हा झोपू नये.

यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालतं का, ते आधीच विक्रेत्याला विचारून दिवसा तपासून पाहावं. ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी जास्त वीज खातात. बॅटरीवर चालवताना त्या बंद ठेवल्या तर यंत्र बराच जास्त वेळ चालतं.

रात्रीतून किती तास लावावा?

अमेरिकेतील मेडिकेअर ही सरकारी विमा योजना यंत्राचा खर्च पुढे चालू ठेवण्यासाठी एक अट घालते. सलग ३० दिवसांच्या काळात किमान ७० टक्के रात्री चार तास तरी यंत्र वापरलेलं असावं. त्यामुळे 'चार तास पुरे' असा समज पसरला. प्रत्यक्षात ती विम्याची किमान अट आहे, उपचाराची मात्रा नव्हे. स्वप्नं पडतात ती झोपेची अवस्था पहाटेकडे जास्त असते. त्या वेळी स्नायू सर्वात सैल असतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस रात्रीचा सर्वात कठीण भाग उपचाराविना काढतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या आंतरराष्ट्रीय चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. सीपॅपमुळे त्यांच्यातले नवे हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. दिवसाची झोप, घोरणं आणि मनःस्थिती यांत मात्र सुधारणा झाली. या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरलं होतं. जास्त तास वापरलं असतं तर निकाल वेगळा लागला असता का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा सुरू आहे.

वापराची सवय बहुतांश पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. म्हणून त्रास सुरू होताच, पहिल्या आठवड्यातच मदत मागावी. सहा महिन्यांनी पुढच्या तपासणीला जाऊन 'लावतच नाही' असं सांगण्यात हाती काही लागत नाही.

मास्क सहनच होत नसेल तर?

वरचे उपाय करूनही जमलं नाही तर दुसरे मार्ग आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा आहे. सौम्य किंवा मध्यम आजारात दंतवैद्यांकडून करून घेतलेलं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं साधन उपयोगी पडतं. पाठीवर झोपल्यावरच श्वास अडत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय पुरेशी ठरू शकते. काही रुग्णांना टॉन्सिल, टाळू किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो. जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणाऱ्या, शरीरात बसवायच्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

वजन कमी केल्यानं आजाराची तीव्रता घटते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. पण वजन उतरायला महिने लागतात आणि तोपर्यंत श्वास रोज रात्री थांबतच असतो. त्यामुळे दुसरा उपाय लागू पडल्याची चाचणीनं खात्री होईपर्यंत सीपॅप स्वतःहून बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

'त्रास होतो' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांनाही अंदाजच बांधावा लागतो. त्याऐवजी आठवडाभराच्या साध्या नोंदी न्याव्यात:

- त्रास कधी होतो: मास्क लावताच, झोप लागताना, मध्यरात्री की पहाटे?
- अडतं काय: श्वास घेणं, सोडणं की मास्कची भीती?
- सकाळी तोंड कोरडं, नाक बंद, पोट फुगलेलं की डोळे चुरचुरणारे?
- रात्री मास्क किती वाजता निघाला?

सोबत यंत्रातलं मेमरी कार्ड किंवा मोबाइल ॲपमधला अहवाल आणि मास्कही न्यावा. अहवालात तीन आकडे पाहायचे: वापराचे तास, गळती आणि तासाला श्वास थांबण्याची संख्या. ही संख्या साधारणपणे ५ च्या खाली असावी अशी अपेक्षा असते. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीलाही बरोबर न्यावं. रात्री दोन वाजता काय घडलं हे रुग्णापेक्षा तिलाच जास्त माहीत असतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. मास्क काढल्यावर पाच मिनिटांत मोकळं वाटत असेल तर अडचण बहुधा मास्क किंवा दाबाची असते. मास्क काढूनही दम लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पायांवर सूज येत असेल किंवा आडवं झाल्यावर धाप वाढत असेल, तर यंत्राची सेटिंग बदलत बसू नये. दम किंवा छातीत दुखणं थांबत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावं.